लेडीजचा हात न लागलेली गाडी

वडसा,
५ नोव्हेंबर २०२४

गोपालभाऊ,

नमस्कार लिहीत नाई. जो होता तो परवा भाऊबीजेच्या ताटात टाकून दिला, आता उरला नाई.

तीन खेपा फोन केला, तिन्ही खेपा तू कापला. म्हणून कागद लिहून राह्यली. कागद मधातून कापता येत नाई. फाडता येते, पण तू वाचूनच फाडशीन, तुले मी लहानपणापासून ओळखते.

परवा तुले ओवाळलं. तू साडी दिली. मले वाटलं, बापा, भाऊले यंदा काय झालं, दरसाल तं पाकीट देते. काल नणंदेले भेटाले आरमोरीले गेली अन् सांजच्यानं परत आली तं शेड रिकामं! शेजारची सोमारी सांगे, "तुमचा भाऊ ट्रक घेऊन आला, फळ्या लावल्या, चार माणसाईनं गाडी ढकलत वर चढवली." साडी दिली अन् गाडी नेली. अशी भाऊबीज मी उभ्या जन्मात आयकली नाई.

आज नाटक कंपनीच्या अश्वजितनं मले मोबाईलवर तुझी जाहिरात दाखवली. जशीच्या तशी उतरवून घेतली, तुले आठवण राहावी म्हणून: "विकणे आहे. १९६९ मॉडेल, टप उघडणारी दोन दारांची जुनी कार. आकाशी रंग. वडिलांनी आणि मी स्वतः जिवापाड सांभाळलेली. घरगुती वापर. लेडीजचा हात लागलेला नाही."

लेडीजचा हात लागलेला नाही!

अरे, त्या गाडीचा टप चार खेपा कोणी शिवला? ताडपत्रीत सुई घुसत नव्हती तवा तळहाताले चामड्याचा तुकडा बांधून कोणी ओढली? बाबाले मोतीबिंदू झाला अन् दिसेनासं झालं, तवापासून एकोणीस वर्षं स्टिअरिंगवर कोण बसलं? अन् तू "स्वतः" काय सांभाळलं रे? दिवाळीले येऊन बोनेटले टेकून फोटो काढला, तेवढंच.

तुले ठावं आहे, हे गेले तवापासून ही गाडीच मले पोसते. झाडीपट्टीच्या नाटकाईचा सीझन सुरू झाला. नाटक ज्या गावात असते तिथी दुपारी टप उघडून कलाकाराईले गावातून फिरवायचं, तवा पेंडॉल भरते. कंपनीनं माझे तीस गावं धरले आहेत, पहिलं गाव वीस तारखेले. आता काय मी कलाकाराईले खांद्यावर घेऊन फिरू?

गाडी परत पाठव.

शकू

---

ऊर्जानगर,
९ नोव्हेंबर २०२४

चि. शकूस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. भाषा वाचून वाईट वाटले. मी तुझा मोठा भाऊ आहे, ट्रकचा हमाल नाही.

पहिली गोष्ट, गाडी बाबांची. भद्रावतीच्या फॅक्टरीतले इंजिनिअर साहेब बदलून गेले तेव्हा बाबांनी ती त्यांच्याकडून घेतली. तू तेव्हा पहिलीत होतीस आणि मी बाबांबरोबर ती आणायला गेलो होतो. बाबांनंतर मुलगा मी. तू ती वापरलीस, मी कधी काही बोललो का? इतकी वर्षे गप्प बसलो, हे तुला दिसत नाही.

दुसरी गोष्ट, जाहिरात अशीच लिहावी लागते. गिऱ्हाईक तेच बघते. त्यात मनाला लावून घेण्यासारखे काही नाही.

नागपूरचे एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात. ते चोवीस तारखेला बघायला येणार आहेत. आरसी अजून बाबांच्या नावावर असल्याने आपल्या दोघांच्याही सह्या लागतात. सोबत फॉर्म आहे. फुली केली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठव.

आणखी एक. गाडी चालू होत नाही. बॅटरी नवीन टाकली, पेट्रोल टाकले, कॉलनीतला मेकॅनिक दोन दिवस खपला. त्याचे म्हणणे, कुठेतरी करंट तुटतो आहे, वायरी कापून बघाव्या लागतील. पण गिऱ्हाइकाला सगळे मूळचे हवे, त्यामुळे मी त्याला कापू दिले नाही. बाबांनी काहीतरी करून ठेवले असेल आणि ते तुलाच सांगितले असेल. तेवढे कळव. शिवाय टप कडक झाला आहे, दुमडताना कड्कड् वाजतो. त्याला काय लावतेस?

उगाच तमाशा करू नकोस.

तुझा,
गोपाल

---

वडसा,
१३ नोव्हेंबर २०२४

गोपालभाऊ,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणते ते हेच. गाडी तू नेली अन् तमाशा मी करते!

फॉर्म भेटला. सही करणार नाई. चुलीजवळ ठेवला आहे. अजून जाळला नाई, पण लय दूरही नाई.

गाडी चालू होत नाई म्हणतो. काऊन बरं? तू तं तिले जिवापाड सांभाळली ना? मंग तिलेच विचार. हो, एक बटण आहे. बाबानं लपवून लावलेलं. ते दाबल्याशिवाय ती खोकतसुद्धा नाई. कुठी आहे ते मले ठावं आहे अन् तुले ठावं नाई. मेकॅनिकले वायरी कापू दिल्या तं मी पुढच्या गाडीनं येऊन तुझ्या क्वार्टरच्या वायरी कापीन, आधीच सांगून ठेवते.

बाबाले दिसेनासं झालं तवा तो माझ्या बाजूले बसे अन् कानानं गाडी आयके. "शकू, तिसरा गेअर रडून राह्यला," म्हणे. "शकू, डाव्या चाकात काहीतरी आहे." थांबून पाह्यलं तं बारीक गोटा असे. मरेपर्यंत तो बाजूच्या सीटवर होता. तो नसला तं गाडी शेडच्या बाहेर निघत नसे. तू ह्या सगळ्यात कुठी होता? उंटावरून शेळ्या हाकत होता.

टपाचं तेवढं सांगते. तुझ्यासाठी नाई. तो कडकला तं घडीवर चिरेल अन् मी तो बोटं सोलून शिवला आहे. मोहाच्या टोळीचं, बियाचं, तेल आण. कोमट कर. फडक्यानं सगळ्या टपाले चोळ, शिवणीईले दोन खेपा. उन्हात वाळव.

आता तू मले एक सांग. तुले पैशाची ददात नाई. पेन्शन येणार आहे, नागपूरले फ्लॅट झाला आहे. बाबा जाऊन अडीच वर्षं झाली, तवा नाई विकली. आताच एवढी घाई काऊन? खरं कारण लिही. खोटं लिहिलं तं मले अक्षरावरून समजते.

शकू

---

ऊर्जानगर,
१८ नोव्हेंबर २०२४

शकू,

खरे कारण पाहिजे ना? घे.

दिव्यानीचे जमत आले आहे. मुलगा भद्रावतीचा, घरचे लोक चांगले, शिकलेले. दसऱ्यानंतर ते आमच्याकडे जेवायला आले होते. जेवता जेवता मुलाच्या वडिलांनी सगळ्यांसमोर मला विचारले, "वडसाकडे उघड्या गाडीतून नाटकवाल्यांना घेऊन फिरतात, त्या बाई तुमच्या बहीण का हो?" माझा घास हातातच राहिला. मी "हो, म्हणजे, तसं काही नाही," असे काहीतरी बोललो आणि वरण वाढायला लावले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुला काय आहे! तू गॉगल लावून, मागे नाटकाच्या बाया बसवून, भोंग्यात ओरडत गावोगाव फिरणार. लोक बघणार, हसणार. आणि इथे मान खाली घालायची मी? माझ्या एकुलत्या एका मुलीचे जमलेले लग्न तुझ्या त्या गाडीपायी मोडले तर? गाडी राहिली तर तू फिरणार, म्हणून गाडीच विकतो आहे. आता समजले? आणखी काही विचारायचे आहे?

तेल लावले. टप खरेच मऊ झाला, चकाकतो आहे. त्याबद्दल आभार. शेड नसल्याने गाडी क्वार्टरच्या बाहेर, कंपाउंडच्या भिंतीलगत उभी असते.

बटणाचे लिही आणि सही पाठव. चोवीस तारीख जवळ आली.

गोपाल

---

वडसा,
२१ नोव्हेंबर २०२४

भाऊ,

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं. सगळ्यात आधी हे वाच: गाडी आत घे. कुठीही घे, कोणाचं गॅरेज माग, पण रात्री बाहेर ठेवू नको. सकाळपासून अकरा खेपा फोन लावला. तू माझा नंबरच बंद करून ठेवला आहे का? हे स्पीडपोस्टानं पाठवते. कारण विचारू नको. आधी गाडी आत घे, मंग पुढचं वाच.

आता पुढचं.

काल माझं पहिलं गाव होतं. गाडी नव्हती. अश्वजितनं एक पिकअप आणला, त्याच्यावर कलाकार उभे केले. गावातल्या बाया दारात येऊन विचारत होत्या, "शकुबाई कुठी आहे? निळी गाडी कुठी आहे?" मी त्याच पिकअपात मागं बसली होती, तोंडावर पदर घेऊन. मले एवढी लाज त्या गाडीत एकोणीस वर्षांत एकदाही वाटली नव्हती, ती तू काल दिली.

"नाटकाच्या बाया" लिहितो! बाबाले लकवा मारला तवा तुझा फोन लागत नव्हता, पॉवर हाऊसात ड्युटीवर होता म्हणे. त्या रात्री बाबाले उचलून दवाखान्यात नेणाऱ्या ह्याच बाया होत्या. तोंडाचा रंगही पुसला नव्हता त्याईनं. तू तिसऱ्या दिवशी आला अन् नर्सले विचारलं, "ह्या कोण?" मी तवाही बोलली नाई. आता बोलते.

माझी लाज वाटते तं तसं तोंडावर सांगायचं होतं. ओवाळून घेताना सांगायचं होतं. टिळा लावून घेतला, लाडू खाल्ला अन् पाठ फिरताच दरोडा घातला. असा कसा रे तू? आई असती तं तुले उंबऱ्यावर उभं केलं नसतं.

गाडी आत घेतली का?

शकू

---

ऊर्जानगर,
२५ नोव्हेंबर २०२४

शकू,

तुझे २१ तारखेचे पत्र आज, २५ तारखेला दुपारी मिळाले. गाडी आत घे म्हणे!

बावीस तारखेला पहाटे तुझी वहिनी, कला, सडा टाकायला बाहेर गेली. गाडीचा टप फाटून लोंबत होता आणि आतून कसला तरी चपचप आवाज येत होता. तिला वाटले कुत्रे शिरले. तिने बादली आपटली. गाडीतून अस्वल उभे राहिले! पूर्ण वाढलेले अस्वल, ड्रायव्हरच्या सीटवर. ते तिच्या अंगावरून उडी मारून भिंतीपलीकडच्या जंगलात पळाले, कला पडली, उजवे मनगट मोडले. दीड महिना प्लास्टर. जिवावरचे मनगटावर गेले म्हणायचे.

टप उभा-आडवा फाडला आहे. शिवण दिसली तिथे चाटून चाटून चिंधी केली. देवळातल्या समईतले तेल प्यायला अस्वल येते, हे मला माहीत आहे, आपल्याकडे कोणाला माहीत नाही? पण टपाला लावलेले तेल खायला येईल, हे माझ्या डोक्यात आले नाही. तुझ्या आले होते. म्हणूनच "कारण विचारू नको" लिहिलेस. मग तुझी गाडी इतकी वर्षे कशी वाचली? तू त्यात आणखी काहीतरी घालतेस आणि ते मला सांगितले नाहीस. मुद्दाम केलेस का? खरे लिही. तुझ्या वहिनीचा हात मोडला आहे, शकू.

सगळ्या कॉलनीने व्हिडिओ काढले. मी लाज वाचवायला निघालो होतो, आता गेटवरचा वॉचमनही मला अस्वलवाले म्हणून ओळखतो.

गिऱ्हाईक काल आले. फाटका टप पाहिला, चावी फिरवली, गाडी ढिम्म. तुझे तेलाचे पत्र डॅशबोर्डच्या कप्प्यात होते, ते त्यांनी काढून वाचले. मला म्हणाले, "ह्या बाईंची सही नसेल तर मी गाडी घेणार नाही. आणि सही असेल तरी आधी त्यांच्याशी बोलेन." आणि निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

समाधान झाले?

गोपाल

---

ऊर्जानगर, तुझ्याच क्वार्टरच्या पायरीवरून,
२९ नोव्हेंबर २०२४

भाऊ,

तू पहिल्या पाळीले गेला आहे, हे विचारूनच आली. तोंड पाह्यलं असतं तं मी तुले काहीतरी फेकून मारलं असतं, नाई तं रडली असती. दोन्ही मले नको होतं.

खरं लिहिते. टोळीच्या तेलात कडुनिंबाचं तेल अर्ध्यास अर्ध मिसळावं लागते. कडू लागते म्हणून मंग कोणी तोंड लावत नाई. ते मी तुले लिहिलं नाई. विसरली नाई, लिहिलं नाई. मले वाटलं, उंदीर लागतील, मुंग्या लागतील, टपाले भोकं पडतील, तुझं गिऱ्हाईक नाक मुरडून जाईल. माझ्या शेडले दार आहे, म्हणून अस्वल माझ्या डोक्यातच आलं नाई. "बाहेर उभी असते" हे तुझ्या पत्रात वाचलं तवा अस्वल आठवलं अन् मी फोन लावत सुटली. तवा उशीर झाला होता अन् तू फोन उचलत नव्हता.

वहिनीच्या पाया पडली. तिले सगळं सांगितलं. तिनं डाव्या हातानं माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला अन् मंग चहा ठेवला. हिशेब असा चुकता करायचा, तिच्याकडून शिक.

आता तुझ्या लाजेचं आयक. मी दिव्यानीले तुझं पत्र दाखवलं. पोट्टी लालबुंद झाली. माझ्यासमोर त्या मुलाले फोन लावला अन् म्हणे, "माझी आत्या नाटकाची गाडी चालवते. तुमच्या घरच्याईले चालत नसंल तं आत्ताच सांगा." तो पोरगा हसाले लागला. त्याची माय माहेरची ब्रह्मपुरीची, दरसाल वडसाले नाटक पाहाले येते. मुलाच्या बापानं तुले जेवताना विचारलं ना, ती तुमची बहीण का? त्याले पुढं विचारायचं होतं, वरातीले ती गाडी भेटेल का. तू वरण वाढाले लावलं, माणूस बिचारा गप्प बसला.

एवढ्यासाठी तू माझी भाकर ट्रकात घालून आणली होती.

माझा राग गेला नाई. अस्वलाच्या गोष्टीत मी चुकली, तं माझा राग अर्धा माझ्यावर आहे. उरलेला अर्धा तुझ्यावर आहे अन् तो लय दिवस पुरेल.

गाडी नेते. चावी वहिनीनं दिली. टप नाई तं नाई, उघडीच नेते, थंडीले शाल आहे. बटण दाबलं अन् दुसऱ्याच खेपेले चालू झाली. तुझी अर्धी कॉलनी गॅलरीत उभी होती. पुन्हा व्हिडिओ काढले असतील, पाहून घे. फॉर्म मागच्या पानाले टाचला आहे. त्याच्यावर माझं नाव घालून तुझी सही कर अन् पाठव. नाई केली तरी गाडी माझ्याच शेडात राहील.

शकू

---

ऊर्जानगर,
७ डिसेंबर २०२४

शकू,

फॉर्म सोबत आहे. सही केली, कलानं अन् दिव्यानीनं साक्षीदार म्हणून केली. आता गाडी तुझ्या नावावर होईल. जाहिरात काढून टाकली.

मुलाच्या वडिलांना फोन केला. माफी मागायला केला होता, पण ते वरातीचंच बोलत राहिले. मी हो म्हणालो. तुला न विचारता म्हणालो, ती सवय जात नाही.

आता एक गोष्ट लिहितो, ती पहिल्या पत्रापासून लिहायची होती. त्या बटणाचं. बाबानं तुले सांगितलं अन् मले नाई. मी त्याचा मोठा पोरगा. इंजिनिअर साहेबाच्या बंगल्यातून गाडी आणताना त्यानं मले मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू दिलं होतं, ते मी पन्नास वर्षांत विसरलो नाई. मंग काऊन नाई सांगितलं मले? त्याचा माझ्यावर भरवसा नव्हता का? जाहिरातीत "मी स्वतः" लिहिलं, ते खोटं आहे हे मले लिहितानाच ठावं होतं. तसं असावं वाटे, म्हणून लिहिलं.

तुले सांगताना बाबा काय म्हणे, तेवढं लिही.

भाऊ

---

वडसा,
१२ डिसेंबर २०२४

भाऊ,

फॉर्म भेटला.

बाबा काई म्हणे नाई. बाबानं मलेही नाई सांगितलं. कोणालेच नाई सांगितलं. मी चावी फिरवायच्या आधी तो बाजूच्या सीटवरून खाली वाकून हात घाले, मले वाटे म्हाताऱ्याचा पाय खाजवते. तो गेल्यावर गाडी चालूच होईना. मले वाटलं, बाबासंगट हीही गेली. तेरवीच्या सकाळी मी डॅशबोर्डखाली उताणी घुसली अन् एक एक वायर बोटानं चाचपत तीन दिवस पडून राह्यली. तिसऱ्या दिवशी बाजूच्या सीटच्या खालच्या पट्टीत, गालिच्याच्या आड, ते बटण हाताले लागलं.

तू तवा घरातच होता. बाबाच्या कपाटात आरसी बुक शोधून राह्यला होता. मले ओलांडून दोन खेपा गेला अन् विचारलं, "इथी काय करून राह्यली?"

वरातीले येईन. टप नवा शिवते, दिव्यानीले सांग रंग कोणता पाहिजे. नवरदेव-नवरी मागं बसतील. तू माझ्या बाजूले बस. बटण तुझ्याच पायाशी आहे, ते तू दाब. अन् पेट्रोल तुझ्याकडून.

शकू